पास जाऊबाईंचा, पडणार तुम्ही

ताई, नमस्कार.

मी ३१ वर्षांची, इंदूरमध्येच एका आयटी कंपनीत नोकरीला. माहेर रामबागेतलं, सासर सुदामा नगरमधलं. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही दोघं पहिल्यांदाच अमेरिकेला चाललोय, यांच्या मावसभावाकडे, डेनव्हरला. ते माझे मोठे दीर लागतात. नऊ वर्षं झाली त्यांना तिथं, एच-वन-बी व्हिसावर आहेत. दीर आणि जाऊबाई दोघांकडे स्कीइंगचा सीझन पास असतो, एपिक पास म्हणतात तो. दर वर्षी उन्हाळ्याच्या आधीच, स्वस्त असताना, घेऊन ठेवतात. यंदा ऑगस्टमध्ये बॅडमिंटन खेळताना जाऊबाईंच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, ऑपरेशन झालं, म्हणून त्यांचा पास पडून आहे.

परवा व्हिडिओ कॉलवर दीर म्हणाले, "तू हिचा पास घे. नाहीतरी वायाच जातोय. हेल्मेट, गॉगल, तोंडावर बफ, कोण ओळखतंय! उंचीही सारखीच तुमची. स्कीजसुद्धा हिच्याच घे." यांच्यासाठी ते ऑफिसातल्या मित्राचा पास मागून ठेवणार आहेत. मी जरा का-कू केलं तर सासूबाई म्हणाल्या, "घरातलीच वस्तू आहे. जावेची साडी नेसत नाहीस का?" हे म्हणतात, एवढं प्रेमानं देतायत तर नाही म्हणणं बरं दिसत नाही. तिथं खिडकीवर एका दिवसाचं तिकीट ३०० डॉलरच्या वर जातं म्हणे. दोघांचे दोन दिवस धरले तर लाखाच्या वर गेलं. तेवढं आम्हाला झेपणार नाही.

पण मला भीती वाटते. सापडलो तर काय होतं? नुसता दंड, की आणखी काही? आणि दिरांना न दुखावता नाही कसं म्हणायचं? की मी उगाच बाऊ करतेय?

– धाकटी जाऊ, इंदूर

धाकट्या जाऊबाई,

बाऊ अजिबात करत नाही आहात. एवढ्या सगळ्या माणसांत प्रश्न पडलाय तो तुम्हा एकटीला, आणि तो पास खिशात घालून लिफ्टच्या, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या पाळण्याच्या, रांगेत उभं राहायचंय तेही तुम्हालाच.

साडीपासून सुरुवात करते, कारण सासूबाईंचा मुद्दा वाटतो तेवढा भाबडा नाही. आपल्या इंदूरच्या मराठी घरांमध्ये वस्तू फिरतात. पैठणी फिरते, पुरणयंत्र फिरतं, दिवाळीत चकलीचा सोऱ्या तीन घरं हिंडून चौथ्या घरी सापडतो. नाटकाच्या वार्षिक सभासदांची कार्डंसुद्धा फिरतात. "आज आम्हाला लग्न आहे, तुम्ही जाऊन या." मी स्वतः कितीतरी नाटकं दुसऱ्याच्या खुर्चीत बसून पाहिलीत. त्यात कुणाचं काही जात नाही. खुर्ची एक, त्या रात्री तिच्यात बसणारं माणूस एक, आणि पैसे भरलेले असतात ते खुर्चीचे.

स्की पासचे पैसे माणसाचे असतात. हिशेब बघा. एपिक पास साधारण हजार डॉलरला पडतो आणि त्यावर अख्खा हिवाळा कितीही दिवस जाता येतं. व्हेल (हे गावाचं नाव आहे, मासा नव्हे) किंवा ब्रेकनरिज अशा ठिकाणी ऐन सुट्टीत खिडकीवरचं तिकीट तीनशेच्या वर किंवा आसपास. म्हणजे चार दिवसांत पास वसूल. कंपनीला हे परवडतं ते एकाच गृहीतावर, की एका नावावर एकच माणूस येईल, आणि त्या माणसाला नोकरी आहे, मुलं आहेत, गुडघे आहेत, तो काही रोज यायचा नाही. तोच पास आळीपाळीनं चौघांनी वापरायचा म्हटलं तर हजार डॉलरचा भाव टिकणार कसा? म्हणून पासवर फोटो, म्हणून अहस्तांतरणीय ही अट, आणि म्हणूनच ती अट मोडणाऱ्यावर त्यांचा राग आपल्याला वाटतो त्यापेक्षा जास्त.

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळची वस्तू म्हणजे रेल्वेचा महिन्याचा पास, एमएसटी. त्याची माझी एक गोष्ट आहे, फारशी अभिमानाची नाही. कॉलेजच्या दिवसांत माझी एक मैत्रीण रोज इंदूर-उज्जैन करायची. एकदा तिला ताप भरला आणि तिचं जर्नल त्याच दिवशी उज्जैनला पोचायला हवं होतं. मी म्हटलं, दे तुझा पास, मी जाऊन येते. हेतू बघा किती पवित्र! टीसीनं पास बघितला, नाव विचारलं. मी तिचं नाव धडधडीत सांगितलं. वय सांगितलं. वडिलांचं नावसुद्धा सांगितलं, घोटून गेले होते. मग त्यानं खिशातलं पेन काढून पुढं केलं आणि म्हणाला, "कार्डावर आहे तशी सही करा." तिची सही मला कुठून येणार? दंड मी भरला, तोही समोरच्या बाकावरच्या काकूंकडून उसने घेऊन. पण पास जप्त झाला तो मैत्रिणीचा. उरलेला महिना ती रोजचं तिकीट काढून गेली. मला ती एका शब्दानं बोलली नाही. तिच्या वडिलांनी मात्र पुढची दोन वर्षं माझ्या नमस्काराला नुसती मान हलवली.

आजही १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १४२ असं सांगतं, की सीझन तिकीट किंवा आरक्षित तिकीट दुसऱ्यानं त्यावर प्रवास करावा म्हणून जो देतो त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. देणाऱ्याला, बरं का. आरक्षित तिकीट घरच्या माणसाच्या नावावर करून घ्यायची सोय आहे, पण गाडीच्या २४ तास आधी रीतसर अर्ज देऊन, आणि त्या घरच्यांच्या यादीत आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको एवढेच. जावा-जावा त्यात नाहीत. तेव्हा "तिकडचे लोक फार कडक" असं म्हणायला नको. आपले नियमही तेच आहेत, फक्त आपण "अरे भिया, चलता है" म्हणून पुढे जातो.

आता डोंगरावर काय होतं ते. कोलोरॅडोतल्या (डेनव्हर याच राज्यात आहे) एपिकच्या ठिकाणी लिफ्टच्या तोंडाशी कर्मचारी हातात छोटं यंत्र घेऊन उभे असतात. पास जॅकेटच्या खिशातच असतो, त्यातली चिप यंत्राला दुरूनच कळते, आणि पडद्यावर पासवाल्याचं नाव आणि फोटो येतो. शंका आली तर कर्मचारी हसतमुखानं म्हणतो, गॉगल जरा वर करता का? एवढंच. तुम्हा दोघींची उंची सारखी असेल, पण पडद्यावर उंची नसते, चेहरा असतो. वरती तुम्ही शिकाऊ. तुमच्या जाऊबाई नऊ वर्षं बर्फावर घालवलेल्या. पास नेहमीचा आणि पावलं पहिल्या दिवसाची, हे त्या धंद्यातल्या माणसाला चेहरा न बघताही खटकावं. आणि अलीकडे बऱ्याच जणांचा पास फोनमध्येच असतो. तसं असेल तर जाऊबाईंना घरी बसवून त्यांचा फोनही तुम्हालाच न्यावा लागेल. म्हणजे पाय आधीच गेलाय, आता फोनही.

सुटूनही जाल कदाचित. खरं तेच सांगते, सुटणारे सुटतात. दीर म्हणतात ते अगदीच खोटं नाही. पण सापडलात तर बिल कुणाकुणाच्या नावावर फाटतं ते बघू.

पहिलं जाऊबाईंच्या नावावर. पास जागच्या जागी काढून घेतात, रद्द करतात, पैसे परत नाहीत.

दुसरं त्या ऑफिसातल्या मित्राच्या नावावर. हा मला सगळ्यात अवघड वाटतो. तुमचे पती त्याला ओळखतसुद्धा नसतील. दिरांच्या भिडेखातर तो हो म्हणणार, आणि पास गेला तर दिरांना सोमवारी त्याच्याच शेजारी जाऊन बसायचंय. मित्रही आपल्यापैकीच कुणी व्हिसावरचा असला तर पुढची पानं त्यालाही लागू.

तिसरं तुमच्या. कोलोरॅडोच्या कायद्यात पैसे न भरता सेवा उकळली तर ती चोरीतच धरता येते, आणि चोरीच्या पायऱ्या रकमेवर ठरतात. ३०० डॉलरच्या आत असेल तर किरकोळ गुन्हा. ३०० ते १००० च्या मध्ये असेल तर वरची पायरी, दुसऱ्या वर्गाचा गुन्हा, १२० दिवसांपर्यंत कैद आणि ७५० डॉलरपर्यंत दंड. खिडकीवरच्या तिकिटाचा भाव तुम्हीच मला लिहिलाय, तेव्हा पायरी कोणती ते तुम्हीच ताडून बघा. पहिल्यांदा सापडलेल्या पाहुणीला कोणी गजाआड टाकेल असं मला वाटत नाही, उगीच घाबरवत नाही. पण तुमच्या भीतीतला "आणखी काही" हा कैदेत नाहीच, तो व्हिसाच्या फॉर्ममध्ये आहे.

तुम्ही दोघांनी आत्ताच डीएस-१६० भरला असेल. त्यात एक प्रश्न होता, तुम्हाला कधी अटक झाली आहे का किंवा दोषी ठरवलं गेलं आहे का. घाईत "नाही" वर टिचकी मारून पुढे गेला असाल, आपण सगळेच जातो. पुढच्या वेळी तिथं बोट थांबेल. प्रश्नात फक्त शिक्षा नाही, अटकसुद्धा आहे, आणि प्रकरण मिटलं असलं तरी सांगावं लागतं. पर्यटक म्हणून तुम्ही फार तर पुढच्या सहलीला मुकाल. दिरांचं तसं नाही. नऊ वर्षं एच-वन-बी वर म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेत असणार. भारतात आले की परत जाताना व्हिसाचा शिक्का घ्यायला तोच फॉर्म. आणि ग्रीन कार्डाच्या शेवटच्या अर्जात तर, अटक झाली नसली तरी कधी गुन्हा केलाय का, असंही विचारतात. २०२५ च्या जुलैमध्ये भारतातल्या अमेरिकी दूतावासानं जाहीरपणे सांगितलं, की चोरी किंवा मारहाणीत सापडलात तर व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढेही मिळणं अवघड होईल. तो इशारा काही स्की पाससाठी नव्हता. पण कागदावर शब्द "चोरी" असाच उमटतो, पुढे कंसात "जावेचा पास होता हो" असं कुणी लिहीत नाही.

एवढं सगळं लिहिलं तरी मला स्वतःला याहून जास्त काळजी वाटते ती पडण्याची. पहिल्यांदा स्कीज घातलेलं माणूस पडतंच. बहुतेकदा हसत उठतं. पण एखाद वेळी डोकं आपटतं आणि उठत नाही. मग लाल जॅकेटमधली स्की पट्रोलची, म्हणजे डोंगरावरच्या मदत पथकाची, माणसं येतात, नाव विचारतात, उत्तर येत नाही म्हणून खिशातला पास बघतात. आता तुमच्या खिशात नाव जाऊबाईंचं. अँब्युलन्सच्या कागदावर त्यांचं नाव. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, अमुक औषधं चालू असलेली अशी त्यांची माहिती एखाद्या दवाखान्यात आधीच असेल तर ती तुमच्या नावावर उघडणार. तुम्हाला एखाद्या औषधाची ॲलर्जी असली तर ती त्या कागदांत कुठून येणार? आणि त्या पासच्या खात्यावरून कुणी घरी फोन लावला तर तो घेणार जाऊबाईच, घरी सोफ्यावर पाय वर करून बसलेल्या. त्यांना सांगणार, तुमचा अपघात झालाय.

मग विम्याचा प्रश्न. आपल्याकडून घेतलेल्या प्रवास विम्यात बर्फावरचे खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात, नाहीतर जास्त हप्ता भरून वेगळे जोडावे लागतात. पॉलिसीचं पत्रक उघडा आणि ते आधी बघा, पास कुणाचाही असो. कायदा मोडताना झालेलं नुकसान न देण्याची अटही त्याच पत्रकात, बारीक अक्षरात सापडेल. अमेरिकेत हाड मोडणं किती महाग, हे दिरांना विचारा. जाऊबाईंच्या ऑपरेशनचं बिल बघितलेला माणूस आहे तो.

इथं जरा वाट सोडते, कारण स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियाच्या टूरवर जाणारे वाचकही हे वाचत असतील. तिकडे दारांना फिरते अडसर असतात आणि ऑस्ट्रियात स्कीडाटा, ॲक्सेस अशा कंपन्यांची यंत्रणा. पहिल्यांदा आत जाताना कॅमेरा तुमचा फोटो काढतो, पुढच्या प्रत्येक वेळी नव्या फोटोशी ताडून बघता येतो. मुलांच्या किंवा ज्येष्ठांच्या सवलतीच्या पासाला दाराशी वेगळ्या रंगाचा दिवा लागतो, त्यामुळे बाबांच्या पासवर चिरंजीव आत जात असतील तर दिवाच चुगली करतो. दुपारी पार्किंगमध्ये अर्धा वापरलेला दिवसाचा पास स्वस्तात विकणारे भेटतात. तो घ्यायचा नाही, त्यातही हेच सगळं आहे. स्विस दंडसंहितेत पैसे न देता सेवा घेण्यावर कलम १५० आहेच. फ्रान्समध्ये लोक पासबरोबर रोजचा थोडासा विमा घेतात, कारण उतारावरून उचलून आणण्याचे पैसे तिथं रुग्णाकडून वसूल होऊ शकतात. इटलीत १ जानेवारी २०२२ पासून दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा विमा सक्तीचा आहे, आणि बरेच लोक तो पासबरोबरच घेतात. दुसऱ्याच्या पासवर हे विमेही दुसऱ्याचेच.

परत डेनव्हरला. स्कीजबद्दल तुम्ही एक वाक्य लिहिलंत आणि पुढे गेलात, पण मी तिथं थांबले. जाऊबाईंचं जॅकेट घ्या, हातमोजे घ्या, गॉगल घ्या, हेल्मेट नीट बसत असेल आणि कधी आपटलेलं नसेल तर तेही घ्या. ही खरी साडीसारखी देवघेव, सासूबाईंना सांगा. स्कीज मात्र जशाच्या तशा घेऊ नका. बूट ज्यात अडकतो त्या बाइंडिंगला एक आकडा लावलेला असतो. पडल्यावर बूट किती जोर आला की सुटावा, ते त्यावर ठरतं, आणि तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि माणूस किती सराईत आहे यावरून काढतात. नऊ वर्षं सराव असलेल्या बाईसाठी लावलेलं बाइंडिंग तुम्ही पडल्यावर वेळेवर सुटेलच असं नाही, आणि मग पाय स्कीसकट पिळवटतो. एका घरात गुडघ्याची दोन ऑपरेशनं नकोत. दुकानात नेऊन स्वतःच्या मापानं लावून घ्या किंवा सरळ भाड्यानं घ्या. भाड्याच्या फॉर्मवर वजन खरं लिहा. (इथं बायका दोन-चार किलो कमी लिहितात असं ऐकून आहे. आकडा त्यावरच लागतो हो.)

आता "वाया जातोय" याबद्दल, कारण तुमच्या घरातला सगळा युक्तिवाद या दोन शब्दांवर उभा आहे आणि ते दोन शब्दच चुकीचे आहेत.

एपिक पासबरोबर एपिक कव्हरेज नावाची सोय फुकट येते. पास घेतल्यावर दुखापत झाली, आजारपण आलं, नोकरी गेली अशा ठरावीक कारणांसाठी पैसे परत मागता येतात. डॉक्टरांचं पत्र लागतं, ठरलेल्या मुदतीत अर्ज करावा लागतो. ऑगस्टमध्ये लिगामेंट फाटून ऑपरेशन झालेली बाई ही या सोयीची अगदी नमुन्यादाखल द्यावी अशी अर्जदार आहे. आणि परतावा ठरतो तो पास किती दिवस वापरला त्यावर. एकदाही नाही वापरला तर जास्त. वापरत गेलात तर कमी.

कळलं ना? त्यांचा पास तुम्ही दोन दिवस वापरला की त्यांच्या परताव्यातून दोन दिवस वजा. वर अर्जात लिहायचं, गुडघ्यामुळे मला स्कीइंग करता येत नाही, आणि कंपनीच्या नोंदीत दिसणार की याच बाई २२ डिसेंबरला सकाळी नऊ वाजता चेअरलिफ्टवर होत्या. प्रत्येक वेळेची नोंद असते, तारखेसकट, वेळेसकट. वाचवायला निघालेले पैसे असे जातात.

मग तुम्ही काय करायचं? दिरांचा स्वतःचा पास तर चालू आहेच. २०२५-२६ च्या हंगामात एपिकच्या पासवाल्यांना मित्र-नातेवाइकांसाठी खिडकीच्या निम्म्या भावात तिकिटं घेता येतात. ती तुमच्या नावानं. दिरांच्या खात्यात किती शिल्लक आहेत ते एका मिनिटात दिसेल. मदतच करायची त्यांची इच्छा आहे, तर ही घ्या मदत, सरळ मार्गाची. दुसरं म्हणजे एपिकचाच एक-दोन दिवसांचा डे पास मिळतो. आधी घेतला तर खिडकीपेक्षा बराच स्वस्त, आणि बडी ठिकाणं वगळलेला घेतला तर आणखी स्वस्त. पण त्याची विक्री डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होते. तुम्ही जाणार दुसऱ्या पंधरवड्यात, तेव्हा "तिथं गेल्यावर बघू" चालणार नाही. इथूनच घ्या.

आणि मुळात पहिल्या दिवशी व्हेल कशाला? ज्याला अजून थांबता येत नाही त्याला पाच हजार एकरांचा डोंगर काय कामाचा? तुम्ही दिवसभर एका हिरव्या खुणेच्या छोट्या उतारावर असणार, मास्तर पुढे आणि चार वर्षांची पोरं शेजारून सुसाट. डेनव्हरहून तासाभराच्या अंतरावर लव्हलँड आहे, त्याचा शिकाऊंसाठी वेगळा भागच आहे. नवशिक्यांची शिकवणी, लिफ्ट आणि भाड्याचं सामान मिळून एक पॅकेज अशा ठिकाणी मिळतं, ते आधी बघा. शिकवणीलाही नाव स्वतःचंच लागतं, हे ओघानं आलंच. एक दिवस शिका, दुसऱ्या दिवशी तिथल्याच डोंगरातल्या फ्रिस्को गावी रबरी ट्यूबवर बसून घसरा. त्याला शिकावं लागत नाही, आणि मला विचाराल तर हसू त्यातच जास्त येतं. जाऊबाईंनाही डॉक्टर परवानगी देतील तर खालच्या आवारात गरम काहीतरी घेऊन तुमच्याबरोबर बसता येईल. तुम्ही वर आणि त्या एकट्या घरी, असं होणार नाही.

एक मध्येच. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर, डेनव्हर सोळाशे, ब्रेकनरिज गाव जवळजवळ २९०० मीटर. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी डोंगरावर जाऊ नका, डोकं धरून बसाल. दोन दिवस डेनव्हरमध्ये काढा, पाणी पीत राहा.

राहिलं नाही म्हणण्याचं. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पास देऊ केला दिरांनी. साडीची उपमा सासूबाईंची. बरं दिसत नाही हे तुमच्या पतींचं. ज्यांचं नाव आणि फोटो त्या पासवर आहे त्या जाऊबाई या सगळ्या संभाषणात कुठंच नाहीत. त्या कॉलवर होत्या का? त्यांना कुणी विचारलं का? ऑगस्टपासून घरात, आवडता हिवाळा हुकलेला, आणि आपला पास वाटून टाकलाय हे त्यांना कदाचित तुम्ही आल्यावरच कळणार. मीही एका मैत्रिणीचा पास घेतला होता, पण निदान तिनं स्वतःच्या हातानं दिला होता.

म्हणून दिरांशी वाद घालू नका. पासावरून नाही म्हणायची वेळच येऊ देऊ नका. फोन जाऊबाईंना करा, एकटीनं, त्यांची सकाळ असेल तेव्हा, म्हणजे आपली रात्र. पहिली दहा मिनिटं गुडघ्याचं बोला. फिजिओथेरपी कुठवर आली, जिना चढता येतो का, रात्री दुखतो का. तुमच्या एवढ्या लांब पत्रात त्यावर अर्धंच वाक्य होतं. मग म्हणा, "वहिनी, मी असं वाचलंय की दुखापतीसाठी पासचे पैसे परत मिळतात, पण पास अजिबात वापरलेला नसेल तर जास्त. तुम्ही अर्ज केलात का? नसेल तर आधी तो करा, माझ्यासाठी ठेवू नका. मी दादांच्या खात्यातून अर्ध्या भावाचं तिकीट काढते आणि तुमचं जॅकेट नेसते." शेवटचा शब्द मुद्दाम तसाच म्हणा, सासूबाईंचा मान राहील आणि त्या हसतील.

दिरांना पुढचं त्याच सांगतील. ऑफिसातल्या मित्राचं प्रकरणही त्याच मिटवतील, आणि तुमच्यापेक्षा चांगलं.

जाताना त्यांच्यासाठी इथली लवंगी शेव न्या, चांगली दोन किलो. गुडघ्यावर तिचा उपयोग नाही, पण सोफ्यावर बसून खायला बरी असते.

– तुमची ताई